समुद्रबाई

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या बाई हातावर झाकलेलं ताट घेऊन रस्त्याला लागल्या, की वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत पटापट दारं लागायची. ताट स्टीलचं, लख्ख घासलेलं. त्यावर क्रोशानं विणलेला पांढरा रुमाल, कोपऱ्यांना निळे मणी. नवख्या माणसाला वाटावं, बाई कुणाकडं तरी फराळ घेऊन निघाल्यात. दारात उभ्या राहून त्या बोलायच्याही तशाच, गोड आवाजात.

"तुमचं राहिलं होतं हो ओढ्यात. म्हटलं, नेऊन द्यावं."

रुमाल उचलला की खाली काय निघेल याचा नेम नसायचा. गुटख्याची पुडी. दुधाची पिशवी. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. एकदा तर एकाच पायातली चप्पल, आणि ती घेणाऱ्यानं "दुसरी कुठाय?" असंही विचारलं. ओढ्यात सापडेल ते ज्याचं त्याला परत, हा बाईंचा नियम. त्या भांडायच्या नाहीत, उपदेश करायच्या नाहीत, फोटो काढून कुठल्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत. ताट पुढं करायच्या, वस्तू उचलली गेली की रुमालाची घडी घालायच्या, "येते हं" म्हणून वळायच्या. या सौजन्याचीच गावाला धास्ती होती. आमच्या गावानं पूर पाहिलेत, कारखान्याच्या निवडणुका पाहिल्यात. शिव्या दिल्या तर शिव्यांनी उत्तर देता येतं. इतक्या अदबीनं परत आलेल्या गुटख्याच्या पुडीला काय उत्तर द्यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलपासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर, उसात बुडालेलं गाव. शाळेमागून ओढा जातो नि पुढं कृष्णेला मिळतो. शिक्षकांच्या खोलीत बाईंचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं, त्यामुळं त्यांचा निम्मा भूगोल मला बसल्या जागी मिळाला.

बाई मिरजेच्या. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतलं घर. वडील, चुलते, भाऊ सगळे त्याच कामात. अंगानं काटक, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याच्या पिशवीत स्वयंपाकघरातली सांडशी. ही सांडशी कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "भांडी उतरवायला तर नाहीच," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा कान भलताच तयार होता. लहानपणी अब्बांच्या शेजारी बसून तारांचा आवाज ऐकत वाढलेल्या. वर्गाकडं पाठ करून फळ्यावर नकाशा काढत असल्या आणि मागच्या बाकावर कुणी खाऊचं पाकीट दप्तरातल्या दप्तरात फोडलं, तरी खडू न थांबवता म्हणायच्या, "शेवटचा बाक, खिडकीकडचा. केळ्याचे वेफर्स. मोठं पाकीट." पोरं गार पडायची. बटाट्याच्या आणि केळ्याच्या वेफर्सच्या पाकिटांचा आवाज वेगळा असतो हे आम्हां शिक्षकांनाही तेव्हाच कळलं. मी एकदा परीक्षा म्हणून डोळे मिटायला लावून त्यांच्यासमोर तीन-चार पिशव्या चुरगाळल्या. त्यांनी सगळ्या ओळखल्या. वर म्हणाल्या, "ही शेवटची बेसूर आहे."

आल्या आल्या त्यांनी पहिला तास घेतला तोच गाजला. आठवीच्या वर्गाला विचारलं, "आपला समुद्र कुठं आहे?"

पोरं म्हणाली, रत्नागिरीला. एकजण म्हणाला, गणपतीपुळ्याला, मी बघितलाय, तिथं उंट हाय.

"तो कोकणातल्या लोकांचा. मधी सह्याद्री आहे की. आपलं पाणी त्याला चढून जाणार आहे का? आपला समुद्र उताराला आहे. ओढ्यातनं कृष्णेत, कृष्णेतनं कर्नाटक, तेलंगण, आंध्र, मग बंगालचा उपसागर. तुम्ही शाळेमागं जे टाकता ते तिकडं पोचतं."

पोरांनी हे घरी जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा काठी आपटत शाळेत आले. "आवं बाई, पोरगं म्हणतंय आमचा समुद्र आंध्रात हाय. आमी म्हाराष्ट्रातलं हाय का न्हाई?"

बाईंनी त्यांना नकाशासमोर बसवलं, बोट धरून कृष्णेवरनं थेट खालपर्यंत नेलं. आजोबांनी तेच बोट किनाऱ्यानं वर सरकवलं. मग म्हणाले, "मी तिकडं विशाखापट्टणमला एक वरीस ड्यूटी केली. त्या पाण्यात आमच्या ओढ्याचं पाणी व्हतं व्हय? मला कुणी सांगितलं न्हाई. न्हायतर बघितलं असतं जरा मायेनं."

त्या दिवसापासून पोरांनी त्यांना समुद्रबाई म्हणायला सुरुवात केली.

समुद्रातल्या प्लॅस्टिकचा धडा तर त्यांनी असा घेतला की तो हेडसरांच्या पोटात गेला. हे मी अलंकारिक बोलत नाही.

समुद्रात प्लॅस्टिकचे बारीक तुकडे होतात, मासे आणि कासवं ते खाणं समजून गिळतात, हे पोरांना कळावं म्हणून बाईंनी घरून मोठं पातेलंभर पोहे करून आणले. कोथिंबीर, खोबरं, शेंगदाणे सगळं घातलेलं, वास वर्गभर सुटलेला. आणि त्यात हिरव्या-पांढऱ्या पिशवीचे कात्रीनं कापलेले बारीक तुकडे कालवलेले. कोथिंबीर कुठली नि पिशवी कुठली, ओळखू येईना. पोरांना चिमट्यानं वेचायला सांगितलं. "कासवाला तर चिमटाही नाही," असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात हेडसर राऊंडला आले. हेडसर साधे, सज्जन गृहस्थ. त्या दिवशी त्यांचा डबा घरी राहिला होता. वर्गात पोहे बघून त्यांना वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असणार. "वा वा," म्हणत त्यांनी चमचा उचलला आणि बाई फळ्याकडून वळायच्या आत एक घास घेतला.

पोरांचे चिमटे हवेतच थांबले.

हेडसरांनी चावलं. थोडं थांबले. पुन्हा चावलं. कुणाचं मन मोडायचं नाही हा त्यांचा स्वभाव. म्हणाले, "छान झालेत. कोथिंबीर तेवढी जरा जून आहे."

"सर, थुंका!" बाई ओरडल्या. आणि मागनं कुठूनतरी आवाज आला, "कासऽऽव!"

हेडसरांनी खिडकीतून सगळं थुंकलं, पण ते नाव काही थुंकता आलं नाही. आजही गावात हेडसर कुठं म्हटलं तर कुणी सांगणार नाही. कासवसर म्हटलं की घरापर्यंत आणून सोडतील.

ओढ्याचं पाणी खरंच लांब जातं यावर मात्र पोरांचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी मिरजेहून तंबोऱ्यासाठी वाळवलेला पण तडा गेल्यामुळं बाद झालेला मोठा भोपळा आणला. तडा लाखेनं बुजवला, वर रंगानं लिहिलं, 'सापडल्यास कळवा', खाली स्वतःचा नंबर, आणि भर पावसाळ्यात सगळ्या शाळेदेखत तो ओढ्यात सोडला. प्लॅस्टिक नको, भोपळा कुजला तरी माशांनाच खाणं, असा हिशेब. पोरं रोज विचारायची, बाई, आंध्रातनं फोन आला का?

फोन आला. कर्नाटकातून. पलीकडचा माणूस अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत होता. त्यानं भोपळा नदीतून काढला होता आणि लेकाला पोहायला शिकवायला कंबरेला बांधला होता. बाईंनी स्पीकर चालू केला, वर्ग कान टवकारून बसला.

"छलो हाय भोपळा, लई चांगला," तो म्हणाला. "धाकट्यालाबी एक पायजे. अजून एक सोडा की."

समुद्र राहिला बाजूला, पण पाणी जातं हे पोरांना पटलं. मग बाईंनी पुढचं पाऊल टाकलं, आणि तिथं त्या ठेचकाळल्या.

एका शनिवारी त्या आठवीच्या पोरांना हातमोजे आणि पोती देऊन ओढ्यावर घेऊन गेल्या. पोरांनी उत्साहानं सकाळभर कचरा गोळा केला. मंगळवारी पालकसभा लागली. नेहमी पालकसभेला खुर्च्यांवर ऊन बसलेलं असतं. त्या दिवशी माणसं खिडक्यांत बसली होती. आमच्या पोरांनी कचरा उचलायचा व्हय, आमी बागायतदार हाय, शाळेला शिकवायचा पगार मिळतो का झाडायचा, असा कालवा चालला होता. बाई शांत होत्या. या सगळ्यांना उत्तरं त्यांच्याजवळ तयार असावीत. मग मागं भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई पुढं आली. ती सांगलीला सफाईच्या कामावर जायची. तिची मुलगी आठवीत होती. आवाज चढवला नाही तिनं.

"बाई, माझी सासू झाडूवर गेली. मी झाडूवर हाय. सकाळच्या गाडीनं सांगलीला जाते, लोकांनी टाकल्यालं उचलते. पोरगी ह्यातनं भायेर पडावी म्हणून शाळेत घातली. तुमी तिच्या हातात पोतं दिलं. हातमोजं दिलं व्हतं, मान्य हाय. मला बी देत्यात हातमोजं."

कालवा थांबला. बागायतदार खाली बघायला लागले. बाईंनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. त्या उठल्या, दोन्ही हात टेबलावर टेकले.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

पालकसभेत शिक्षकानं हे वाक्य उच्चारल्याचं आमच्या शाळेत कुणाला आठवत नव्हतं. हेडसर इतके गोंधळले की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा आधीच पिऊन झाला होता.

पुढचे काही दिवस बाई ओढ्याकडं फिरकल्या नाहीत. मधल्या सुट्टीत नकाशाकडं बघत बसायच्या. मग एकदा अचानक माझ्याकडं वळल्या.

"सर, टपाल चुकीच्या पत्त्यावर गेलं तर पोस्टमन काय करतो?"

"पाठवणाऱ्याकडं परत."

"मग समुद्राला तरी पाठवणाऱ्याचा पत्ता नको का?"

आणि ते ताट निघालं. पोरांनी कशालाही हात लावायचा नाही, फक्त काठावर उभं राहून ओळखायचं. उचलायचं बाईंनी, सांडशीनं. पोरांच्या या विद्येला तोड नव्हती. नववीतली एक मुलगी पुडी बघून सांगायची, "ही फकस्त स्टँडवरच्या टपरीत मिळती. आन् डाव्या अंगानं दातानं फाडलीया. म्हंजी सरपंचांचं मेव्हणं. त्यांचं उजवीकडचं दात न्हाईत." बाई ताट घेऊन जायच्या, मेव्हणे तोंड उघडून नाही म्हणायचे आणि त्या उघड्या तोंडातच पुरावा असायचा. ज्यांनी तंबाखू सोडल्याची शपथ बायकोपुढं घेतली होती, त्यांच्याकडं बाई ती कामावर गेल्याची खात्री करून जायच्या. एवढी माणुसकी त्यांनी पाळली.

सगळ्यात हाल ऑनलाइन वस्तू मागवणाऱ्यांचे झाले, कारण पाकिटावर नाव, गाव, फोन सगळंच छापलेलं. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांना टक्कल होतं, आणि टकलाचं आपल्याला काही वाटत नाही असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांच्या नावाचं पाकीट ओढ्यात सापडलं. आत काय होतं तेही छापलं होतं, 'केसवाढीचं तेल'. बाईंनी नाव खाली करून ते ताटात ठेवलं, वर रुमाल घातला आणि दारात म्हणाल्या, "खासगी आहे, आत जाऊन उघडा." सदस्यांनी त्याच महिन्याच्या बैठकीत प्लॅस्टिक गोळा करायला दर शनिवारी ग्रामपंचायतीची गाडी फिरवावी असा ठराव मांडला. बाकीच्यांनी का म्हणून विचारलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी कधीतरी ओढ्यात गेलेलं होतंच.

मधेच काहींनी अक्कल लढवून प्लॅस्टिक घरामागच्या परड्यात जाळायला सुरुवात केली. तर बाई ताटात राख घेऊन हजर. राख कुणाची हे कसं ओळखलं, ते मात्र आजतागायत कळलं नाही. बहुधा सरळ जवळच्या घरी देऊन टाकली असावी.

असं बरं चाललं होतं. तेवढ्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाचं बारसं झालं.

बारसं जंगी. पंचक्रोशी जेवली. प्लॅस्टिकच्या ताटल्या, वाट्या, पेले, चमचे, पाण्याच्या पिशव्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं अध्यक्षांच्या ट्रॉलीनं शाळेच्या मागं ओढ्यात ओतलं गेलं. पाणी दिसेना. पोरं काठावर उभी राहिली. ओळखायला काहीच नव्हतं, सगळ्या गावानं त्या ताटल्यांत बासुंदी खाल्ली होती. आता बाई काय करतात, हे सगळेजण बघत होते.

हेडसरांनी बाईंना बोलावलं. "बाई, अध्यक्ष म्हणजे संस्था. ते मनात आणतील तर काय करतील याची कल्पना आहे ना?"

"सर, मी भांडायला नाहीच चाललेली. त्यांचं आहे ते परत द्यायला चाललेय."

"एवढं ताट कुठं आहे पण?"

"तेच बघतेय," बाई म्हणाल्या.

समजूत घालायला हेडसरांनी मला बाईंच्या खोलीवर पाठवलं. संध्याकाळी गेलो तर बाई शिलाई मशीनवर दोन चादरी एकमेकींना जोडत होत्या. कडेला लेस लावायचं चाललं होतं.

"बरं झालं आलात. ट्रॉलीला केवढी चादर लागेल हो सर?"

मी म्हणालो, बाई, जरा विचार करा. घरी म्हातारे अब्बा आहेत, नोकरीचा प्रश्न आहे. त्यांनी मशीन थांबवलं.

"केला विचार. झोप नाही लागली. पण सर, त्या सदस्यांच्या दारात गेले, मेव्हण्यांच्या गेले. आता इथं नाही गेले तर उद्या पोरांपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?" मग चादरीचं एक टोक माझ्याकडं सरकवलं. "धरा जरा. ताणून."

मी समजूत घालायला गेलो होतो. टोक धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला अध्यक्षांचा ट्रॅक्टर ड्रायव्हर आपल्या लेकीला न्यायला आला. लेक पाचवीत. बाई त्याला ओढ्याकाठी घेऊन गेल्या आणि ताट देताना बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हे तुमच्याच ट्रॉलीतनं आलंय ना?"

"व्हय बाई. पन मालकांनी..."

"मी मालकांचं नाही विचारलं. तुमच्या ट्रॉलीतनं ना?"

ड्रायव्हरनं बाईंकडं बघितलं, मग लेकीकडं. लेक दप्तराचे पट्टे धरून बघत राहिली. त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला, ट्रॅक्टर आणला आणि फावडं घेतलं. बाईंनी दुसरं घेतलं. मग मी घेतलं. थोड्या वेळानं कासवसर विजारीचे पाय दुमडून उतरले आणि कुणाशी नजर न मिळवता दंताळं ओढायला लागले. ट्रॉली भरली. वर लेस लावलेली चादर घातली, कोपरे बांधले. बाई बूट धुऊन पुढं चालायला लागल्या, मागं ट्रॅक्टर, त्याच्या मागं अर्धं गाव.

अध्यक्षांच्या ओसरीवर त्यांच्या मातोश्री बसल्या होत्या. वय झालेलं, कानाला कमी. झाकलेली ट्रॉली दारात येताना बघून त्यांचा चेहरा उजळला.

"कुणाकडनं आलाय गं आहेर?"

"तुमच्याच घरचा आहे आजी. वाट चुकून ओढ्यात गेला होता."

"ओढ्यातनं? म्हंजी गंगेवरनंच आला म्हणायचं!" आजींनी सुनांना हाका मारल्या. "आगं, गाडी दारात आलीया, पानी आना, कुक्कू आना." कुणी काही सांगायच्या आत चाकांवर पाणी पडलं, ट्रॅक्टरच्या नाकाला कुंकू लागलं, नारळ फुटला. ड्रायव्हरनं घाबरून नमस्कार केला. आजी काठी टेकत पायऱ्या उतरल्या. "उघडा!"

बाईंनी चादर काढली.

दोन दिवस उन्हात तापलेल्या बासुंदीचा वास अंगणात पसरला. त्याच वेळेला आतून अध्यक्ष आणि बाळाला बघायला आलेले सांगलीचे एक पुढारी बाहेर आले. आजींनी ट्रॉलीत वाकून बघितलं.

"ह्ये आपलं हाय?"

"व्हय आजी," ड्रायव्हर म्हणाला. "मीच टाकलं."

"तुला कुनी सांगितलं?"

ड्रायव्हरनं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी पुढाऱ्यांकडं बघितलं. पुढाऱ्यांनी मोबाइलकडं बघितलं.

आजींना जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकू आलं. त्या लेकाकडं वळल्या. "आरं, तुझ्या बारशाला ह्याच्या दुप्पट गाव जेवलं. ताटं धुतली, पुसली, माळ्यावर ठिवली. ती माळ्यावरची ताटं काय कावळ्यांच्या बारशाला ठिवलीत?" अध्यक्ष "आई, आत चल," म्हणत होते. आजी हलेनात. ड्रायव्हरला म्हणाल्या, "ही घाण हितंच उतर, आमच्या अंगनात. आमची हाय, आमी बघू. आन् दारात आलेली गाडी ह्या घरातनं रिकामी जायाची न्हाई. चढ माळ्यावर."

मग माळ्यावरून स्टीलची ताटं उतरायला लागली. पितळी बादल्या, तांबे, ओगराळी. ट्रॉली धुऊन त्यात ते सगळं रचलं गेलं. गावात जेवणावळ असेल त्यानं शाळेतून ही भांडी न्यावीत, धुऊन परत ठेवावीत, असं आजींनी उभ्या उभ्या जाहीर केलं. गाव टाळ्या वाजवत होतं.  बाई पुढं होऊन म्हणाल्या, "आजी, वाट्या राहिल्या."

"राहिल्या व्हय? घे की लेकी!"

भांडी आजही शाळेच्या कोठीत आहेत आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी बाहेर पडतात. बाई मात्र राहिल्या नाहीत. पुढाऱ्यांसमोर दारात ट्रॉली उघडली गेली हे अध्यक्ष विसरणार नव्हते. पंधरवड्यात बदलीचा कागद आला. म्हसवडच्या पलीकडं, माण तालुक्यात, संस्थेची एक छोटी शाळा आहे, तिथं. कारण लिहिलं होतं, शैक्षणिक सोय.

गावातून पुष्कळजण शाळेत येऊन गेले. सगळ्यात आधी आली ती सांगलीला कामावर जाणारी. कामाला खाडा करून आली होती. हेडसरांना म्हणाली, "सर, माझ्या पोरगीच्या हातातलं पोतं त्या बाईनं काढून घेतलं आन् ज्याचं त्याच्या दारात नेलं. सांगलीत इतकी वर्सं काढली, असलं मानूस मला गावलं न्हाई. तुमी काय तरी करा."

हेडसरांनी केलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तो अध्यक्षांच्या घरी गेला आणि बदली रद्द करा म्हणून तासभर बसून राहिला. अध्यक्षांनी चहा दिला, बदली ठेवली. परत येऊन हेडसर शिक्षकांच्या खोलीत नुसते बसले. बाईच त्यांना म्हणाल्या, "जाऊ द्या सर. तुम्ही गेलात, हे मी अब्बांना सांगणार आहे." हेडसरांनी चष्मा पुसला. 

निरोप समारंभ मोठा झाला. अध्यक्ष स्वतः आले, बाईंच्या पर्यावरणविषयक कार्याबद्दल भरभरून बोलले. आपल्या घरची भांडी शाळेला दान दिल्याचाही उल्लेख त्यांनी केला. मग शाल आणि नारळ. शाल नेहमीसारखी चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात होती. बाईंनी ती घेतली, लवून नमस्कार केला, पाकिटातून शाल काढून खांद्यावर पांघरली आणि रिकामं पाकीट दोन्ही हातांनी अध्यक्षांपुढं धरलं.

"तुमचं राहिलं," त्या म्हणाल्या.

माइक चालू होता.   अध्यक्षांनी पाकिटाकडं बघितलं, समोर जमिनीवर बसलेल्या सगळ्या शाळेकडं बघितलं. मग पाकीट घेतलं, त्याची नीट घडी घातली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. टाळी पहिल्यांदा पाचवीतल्या त्या ड्रायव्हरच्या लेकीनं वाजवली. मग थांबेचना. शेवटी अध्यक्षही थोडे हसले. गाव म्हणतं, ते पाकीट त्यांच्याकडून अजून कुठं टाकलं गेलेलं नाही. टाकणार कुठं?

बाईंशिवाय टेबल मोकळं झालं. मधल्या सुट्टीत चुकून माझाच हात नकाशाकडं जायचा. माणातल्या त्या गावाची मला काळजी वाटत होती. उजाड माळ, नदीला पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर पाणी नाही. तिथं बाई समुद्र शिकवणार कशावरून? मनाला लावून घेतलं असेल, असं वाटून मी फोन करायचं टाळत होतो. शेवटी त्यांचाच आला. मागं वारा घोंघावत होता.

"सर, कसे आहात? मी नदीत उभी आहे."

"पाणी आलं?"

"कुठलं पाणी! ठणठणीत कोरडी. त्यामुळं काहीच वाहून जात नाही हो. ज्यानं जिथं टाकलं तिथंच पडलेलं असतं, शिवाय वाळूत पायाचे ठसे." त्यांचा आवाज अगदी खुशीत होता. "सर, फार सोयीचं गाव आहे."